टेबलमध्ये टिक केलेल्या ओळी बीनपर्यंत का पोचत नाहीत

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. पतसंस्थेच्या कर्ज-अर्जांचं एक पान आहे. प्राइमफेसेसच्या (जावाच्या जेएसएफ या वेब-चौकटीवर चालणाऱ्या तयार घटकांच्या संचाच्या) डेटाटेबलमध्ये एका वेळी २५ अर्ज दिसतात, डाव्या बाजूला चेकबॉक्स आहेत, वर ‘मंजूर करा’ हे बटण आहे. काही अर्जांवर टिक करून बटण दाबलं की बीनमधली (म्हणजे पानाचा डेटा आणि मेथड सांभाळणाऱ्या जावा ऑब्जेक्टमधली) निवडलेल्या अर्जांची यादी कधी पूर्ण रिकामी येते. कधी भरलेली येते, पण तिच्यात समोर दिसत असलेल्या पानावरचेच अर्ज असतात, आधीच्या पानावर टिक केलेले गळून जातात. अर्जाच्या एंटिटी क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड (दोन ऑब्जेक्ट सारखी आहेत का हे ठरवणाऱ्या मेथड) लिहून पाहिले, फरक पडला नाही, असंही तुम्ही म्हटलंय.

हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. पहिला बहुतेक वेळा फॉर्म, प्रोसेस (बटण दाबल्यावर सर्व्हरने कोणते घटक हाताळायचे ते) किंवा बीनच्या स्कोपचा (तो किती काळ जगतो याचा) असतो. दुसरा जवळपास नेहमी लेझी डेटामॉडेलचा, म्हणजे एका वेळी फक्त समोरच्या पानापुरता डेटा आणणाऱ्या मॉडेलचा. नेमकं कोणतं कारण तुम्हाला लागू आहे हे प्राइमफेसेसची आवृत्ती, बीनचा स्कोप आणि डेटा कुठे लोड होतो यावर ठरेल. पण निवड ब्राउझरमधून सर्व्हरवर कशी जाते हा प्रवास एकदा नीट कळला, की कारण तुमचं तुम्हालाच सापडतं. म्हणून तिथूनच सुरू करतो.

टेबल रेंडर होताना प्रत्येक ओळीच्या ‘टीआर’ टॅगवर ‘डेटा-आरके’ नावाचा एक गुणधर्म लिहिला जातो आणि त्यात तुम्ही ‘रोकी’मध्ये (ओळीची ओळख पटवणाऱ्या किल्लीत) दिलेली किंमत असते, समजा अर्जाचा क्रमांक १०४२. टेबलच्या सोबत एक लपलेलं इनपुटही असतं. त्याचं नाव म्हणजे टेबलचा क्लायंट आयडी आणि पुढे ‘_सिलेक्शन’. तुम्ही टिक करता तेव्हा जावास्क्रिप्ट एवढंच करते, त्या लपलेल्या इनपुटमध्ये ‘१०४२,१०५७,११९०’ अशी स्वल्पविरामाने जोडलेली मजकुराची ओळ तयार करते. अर्जाचं जावा ऑब्जेक्ट ब्राउझरकडे कधी गेलेलंच नसतं, त्यामुळे ते परतही येत नाही. परत येतात त्या फक्त किल्ल्या.

सर्व्हरवर ही ओळ स्वल्पविरामावर तोडली जाते. मग प्रत्येक किल्लीसाठी टेबल आपल्याकडच्या डेटामध्ये शोधतं, की कोणत्या ऑब्जेक्टची रोकी मजकूर म्हणून या किल्लीशी जुळते. सापडलं तर ते ऑब्जेक्ट निवडीत जातं, नाही सापडलं तर किल्ली गुपचूप सोडून दिली जाते. एक्सेप्शन येत नाही, लॉगमध्ये ओळ पडत नाही. ही जुळवणी होते ‘अप्लाय रिक्वेस्ट व्हॅल्यूज’ या टप्प्यात. सापडलेली निवड बीनच्या सेटरमध्ये जाते ती नंतर, ‘अपडेट मॉडेल व्हॅल्यूज’मध्ये. आणि तुमची ‘मंजूर करा’ची मेथड चालते त्याच्याही नंतर, ‘इन्व्होक ॲप्लिकेशन’मध्ये. हे तीन टप्पे कागदावर लिहून समोर ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

इक्वल्स-हॅशकोडने फरक का पडला नाही हेही यातून दिसतं. रोकी दिलेली असताना जुळवणी मजकुराची मजकुराशी होते, इक्वल्सला कोणी विचारत नाही. ते लिहून ठेवलंत हे चांगलंच केलंत, कारण पुढे यादीतून अर्ज काढताना ‘रिमूव्ह’ किंवा ‘कंटेन्स’ वापराल तेव्हा ते लागतील. या बिघाडाशी मात्र त्यांचा संबंध नाही.

आता तपासणी. कोडला हात लावण्याआधी ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये जा, तीन ओळींवर टिक करून बटण दाबा आणि जाणाऱ्या रिक्वेस्टचा फॉर्म डेटा बघा. ‘_सिलेक्शन’ने संपणारं नाव शोधा. त्यासमोर तीन किल्ल्या असतील तर ब्राउझरने त्याचं काम चोख केलंय, बिघाड सर्व्हरकडे आहे. किल्ल्यांऐवजी तीनदा ‘नल’ किंवा एकच किंमत पुन्हा पुन्हा दिसली तर रोकी चुकली आहे. ते नावच नसेल तर बटण आणि टेबल एका फॉर्ममध्ये नाहीत, किंवा बटणावर ‘पार्शलसबमिट’ चालू आहे आणि प्रोसेसमध्ये टेबल नाही. या एका नजरेत निम्मी कारणं बाद होतात.

फॉर्मची बाब साधी आहे पण फसवी. एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आत फॉर्म चालत नाही. टेम्प्लेटमध्ये वर कुठेतरी एक फॉर्म असतो, तुम्ही आत दुसरा लिहिता आणि ब्राउझर आतला टॅग टाकून देतो. मग फॉर्मच्या सीमा तुमच्या समजुतीपेक्षा वेगळ्याच निघतात. दुसरी हमखास जागा म्हणजे ‘नक्की मंजूर करायचं का?’ विचारणारा डायलॉग. डायलॉगला ‘अपेंडटू’ देऊन तो बॉडीखाली हलवला असेल, तर तो पानावर टेबलच्या फॉर्मबाहेर जातो आणि त्यातल्या बटणासोबत टेबलची निवड जातच नाही. यावर मी नेहमी एकच मांडणी वापरतो: वरचं बटण टेबलच्या फॉर्ममध्ये ठेवायचं. त्याने टेबल प्रोसेस करायचं, डायलॉगचा मजकूर अपडेट करायचा आणि ‘ऑनकम्प्लीट’मध्ये डायलॉग उघडायचा. डायलॉगच्या आत त्याचा स्वतःचा फॉर्म आणि त्यात ‘होय, मंजूर’ हे बटण. निवड पहिल्याच रिक्वेस्टमध्ये बीनमध्ये येऊन बसलेली असते, दुसऱ्या बटणाला टेबलची गरजच उरत नाही. मात्र यासाठी बीन व्ह्यूस्कोप्ड हवा, म्हणजे त्याच पानावर असेपर्यंत तोच बीन टिकायला हवा.

फॉर्म डेटामध्ये किल्ल्या आहेत आणि तरी यादी रिकामी, असं असेल तर बटणावरचा ‘प्रोसेस’ बघा. अनेकजण सवयीने ‘@धिस’ लिहितात. त्याचा अर्थ फक्त बटण प्रोसेस करा. किल्ल्या सर्व्हरवर पोचतात, पण टेबलचं डीकोडिंग, म्हणजे किल्ल्या वाचून अर्ज शोधणं, होतच नाही. ‘@धिस’पुढे टेबलचा आयडीही लिहा. प्राइमफेसेसच्या कमांडबटणावर प्रोसेस काहीच लिहिलं नाही तर ‘@ऑल’ धरलं जातं आणि हा त्रास होत नाही. साध्या जेएसएफच्या ‘एफ:एजॅक्स’मध्ये मात्र काही न लिहिता ‘@धिस’च धरलं जातं, त्यामुळे एकाकडून दुसरीकडे कोड हलवताना लोक इथे अडकतात.

प्रोसेसमध्ये पूर्ण फॉर्म घेतलात तर उलट बाजूने धोका येतो. त्याच फॉर्ममध्ये ‘शेरा’ नावाचा सक्तीचा रकाना असेल आणि तो रिकामा असेल, तर व्हॅलिडेशन नापास होतं, मॉडेल अपडेटचा टप्पा वगळला जातो आणि मेथड चालतच नाही. संदेश दाखवणारा घटक पानावर नसेल किंवा तो अपडेट होत नसेल, तर बाहेरून दिसतं की बटण मेलं आहे. विकास चालू असताना पानावर मेसेजेसचा घटक ‘ऑटोअपडेट’सह ठेवाच आणि प्रोजेक्ट स्टेज ‘डेव्हलपमेंट’ करा. ‘इमिजिएट’ खरं करून या व्हॅलिडेशनमधून सुटका करून घेण्याचा मोह होतो. त्याने मेथड पहिल्याच टप्प्यात चालते, म्हणजे निवड सेटरमध्ये जायच्या आधी. यादी रिकामी मिळणं तिथे अटळ आहे. व्हॅलिडेशन टाळायचं असेल तर प्रोसेसमध्ये फक्त बटण आणि टेबल घ्या, तेवढं पुरतं.

आता स्कोप. निवड नल येण्याचं मी पाहिलेलं सर्वांत चिवट कारण एका चुकीच्या इम्पोर्टमध्ये असतं. बीनवर सीडीआयचं (बीन तयार करून पुरवणाऱ्या जावाच्या यंत्रणेचं) ‘@नेम्ड’ आहे आणि ‘@व्ह्यूस्कोप्ड’ मात्र जुन्या ‘जावाएक्स.फेसेस.बीन’ पॅकेजमधलं आलंय, कारण आयडीईने आपोआप इम्पोर्ट करताना यादीत पहिलं दिसलं ते घेतलं. सीडीआय हे ॲनोटेशन ओळखत नाही. मग बीन ‘डिपेंडंट’ धरला जातो, म्हणजे पानावरचं प्रत्येक एक्स्प्रेशन सोडवताना नवा कोरा बीन जन्माला येतो. निवड एका बीनमध्ये भरली जाते आणि ‘मंजूर करा’ची मेथड दुसऱ्याच बीनवर चालते. कोड वाचून हे दिसत नाही, कारण दोन्ही ॲनोटेशनची नावं तंतोतंत सारखी. पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये, म्हणजे बीन तयार होताच चालणाऱ्या मेथडमध्ये, एक लॉगची ओळ टाका. एका रिक्वेस्टमध्ये ती दोन-तीनदा छापली गेली तर हेच कारण समजा. योग्य पॅकेज ‘जावाएक्स.फेसेस.व्ह्यू’, जे २०१३ च्या जेएसएफ २.२ पासून आहे. जकार्ताकडे (जावा ईईच्या नव्या नावाकडे) गेला असाल तर ‘जकार्ता.फेसेस.व्ह्यू’. जुनं ‘बीन’ पॅकेज फेसेस ४.० मधून काढूनच टाकलंय, त्यामुळे नव्या प्रकल्पात ही चूक कंपाइल होतानाच पकडली जाते. जुन्या प्रकल्पात तुम्हालाच पकडावी लागेल. व्ह्यूस्कोप्ड बीन सीरियलायझेबल (साठवून परत उभा करता येणारा) हवा, हेही सोबत बघून घ्या.

रिक्वेस्टस्कोप्ड, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने तयार होणाऱ्या, बीनवर निवड चालते का? चालू शकते, एका अटीवर. डीकोडिंगच्या वेळी यादी जशीच्या तशी पुन्हा तयार असली पाहिजे. पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये पूर्ण यादी लोड करत असाल तर जमतं. पण ‘प्रीरेंडरव्ह्यू’ इव्हेंटमध्ये लोड करत असाल, तर तो इव्हेंट येतो अगदी शेवटी, रेंडर होण्याआधी. पहिल्या टप्प्यात टेबलकडे शोधायला काहीच नसतं आणि सगळ्या किल्ल्या गळतात. शाखेचा ड्रॉपडाउन बदलून यादी लोड होत असेल तरी हीच गत, कारण तो ड्रॉपडाउन बीनमध्ये उतरतो टेबलचं डीकोडिंग झाल्यानंतर. माझं मत स्पष्ट आहे: निवड असलेल्या पानाचा बीन व्ह्यूस्कोप्डच ठेवा. थोडी मेमरी जाते, पण अंदाज बांधता येईल असं वागणं मिळतं.

याच पठडीतला आणखी एक सापळा बटणाच्या ‘डिसेबल्ड’मध्ये असतो. निवड रिकामी असेल तर बटण बंद ठेवायचं ही इच्छा रास्त आहे. पण जेएसएफ सुरक्षिततेसाठी हा गुणधर्म रिक्वेस्ट आल्यावर पुन्हा तपासतं, तेही पहिल्याच टप्प्यात. त्या क्षणी बीनमधली निवड जुनीच, म्हणजे रिकामी असेल, तर सर्व्हरच्या दृष्टीने हे बंद बटण आहे आणि त्याचा क्लिक फेकून दिला जातो. चेकबॉक्सवर टिक होताच जावास्क्रिप्टने बटण चालू केलं असेल तर हे हमखास घडतं. उपाय म्हणजे टेबलमध्ये निवडीचा एजॅक्स इव्हेंट लावायचा आणि त्यातून बटण अपडेट करायचं. मग बटण दाबायच्या आधीच निवड व्ह्यूस्कोप्ड बीनमध्ये असते. इव्हेंट लावताना तिन्ही बाजू सांभाळा: ओळ निवडली, ओळ सोडली आणि हेडरमधल्या चेकबॉक्सने सगळ्या एकदम निवडल्या. हेडरचा इव्हेंट वेगळा आहे, ‘टॉगलसिलेक्ट’. तो विसरला की ‘सगळे निवडा’ केल्यावर बटण बंदच राहतं आणि कारण लवकर लक्षात येत नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये ओळीवरच्या क्लिकचा आणि चेकबॉक्सवरच्या टिकेचा इव्हेंटही वेगवेगळा होता, तिथे दोन्ही लिहावे लागतात.

इथवर पहिला बिघाड. आता दुसरा, पान बदलल्यावर निवड गळण्याचा. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

साध्या यादीवर पेजिनेशन असेल तर हा त्रास होत नाही. पान बदलताना फक्त टेबलच्या ओळी बदलतात, लपलेलं इनपुट जागेवर राहतं, पहिल्या पानावरच्या किल्ल्या त्यात टिकून असतात आणि सर्व्हरकडे शोधायला पूर्ण यादी असते. लेझीमध्ये सर्व्हरकडे असतात फक्त आत्ताच्या पानाचे २५ अर्ज. लेझीडेटामॉडेलमध्ये दोन मेथड तुम्हाला लिहाव्या लागतात, अर्जावरून किल्ली देणारी ‘गेटरोकी’ आणि किल्लीवरून अर्ज देणारी ‘गेटरोडेटा’. दुसरी लिहिताना बहुतेक उदाहरणांमध्ये असतं तसं आपणही करतो, ‘गेटरॅप्डडेटा’मधल्या अर्जांवर लूप लावायचा, क्रमांक जुळला तर परत द्यायचा, नाहीतर नल. पहिल्या पानावर १०४२ ला टिक केली, दुसऱ्या पानावर गेलात, बटण दाबलं. किल्ली १०४२ सर्व्हरवर येते, पण लूप फिरतो दुसऱ्या पानाच्या अर्जांवर. नल मिळतो, किल्ली सोडून दिली जाते. त्यानंतर पूर्ण टेबल अपडेट केलंत, तर लपलेलं इनपुटही सर्व्हरला सापडलेल्या निवडीवरून नव्याने लिहिलं जातं. म्हणजे त्या क्षणी १०४२ ब्राउझरमधूनही पुसला जातो. परत पहिल्या पानावर गेलात की टिक गायब. तुम्ही वर्णन केलंय ते हेच.

सरळ दुरुस्ती अशी. ‘गेटरोडेटा’मध्ये आधी आत्ताच्या पानावर शोधा, नाही सापडलं तर किल्लीचा लाँग करून एंटिटी मॅनेजरच्या (डेटाबेसमधून ऑब्जेक्ट आणून देणाऱ्या जावाच्या घटकाच्या) ‘फाइंड’ने आणा. दोन्ही मेथडवर ‘@ओव्हरराइड’ न चुकता लिहा, कारण ‘गेटरोकी’ जुन्या आवृत्त्यांत ऑब्जेक्ट परत द्यायची, नव्यांत स्ट्रिंग देते. आवृत्ती बदलल्यावर मेथडची सही (सिग्नेचर) जुळली नाही तर ‘@ओव्हरराइड’मुळे कंपायलर लगेच सांगतो. मेथड मुळीच लिहिली नसेल, तर ‘गेटरोडेटा इम्प्लिमेंट केलीच पाहिजे’ अशा अर्थाचं अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन येतं. ते एक्सेप्शन आलं तर बरंच म्हणायचं, निदान बिघाड दिसतो तरी.

या दुरुस्तीची किंमतही सांगितली पाहिजे. ही जुळवणी फक्त ‘मंजूर करा’ दाबल्यावर होत नाही. टेबल प्रोसेस करणाऱ्या प्रत्येक एजॅक्स रिक्वेस्टमध्ये होते: पान बदललं, क्रम बदलला, एका ओळीवर टिक केली. मागच्या पानांवर ३०० अर्ज निवडलेले असतील तर प्रत्येक टिकेसोबत ३०० ‘फाइंड’ चालू शकतात. डेव्हलपमेंटच्या मशीनवर पाच अर्जांवर तपासताना हे जाणवत नाही, कार्यालयात महिनाअखेरीला जाणवतं.

म्हणून निवड मोठी होण्याची शक्यता असेल तिथे मी अर्जांची यादी ठेवतच नाही, क्रमांकांचा संच ठेवतो. व्ह्यूस्कोप्ड बीनमध्ये लाँगचा एक लिंक्डहॅशसेट. ओळीत साधा चेकबॉक्स, त्याच्या बदलावर एक छोटी मेथड, जी क्रमांक संचात टाकते किंवा काढते. टिक आहे की नाही हे त्याच संचावरून ठरतं. प्राइमफेसेसची स्वतःची निवड या टेबलवर बंद. मंजुरीच्या वेळी संचातले सगळे क्रमांक एका क्वेरीत ‘इन’ यादी म्हणून द्यायचे. ओरॅकलवर असाल तर १९सीसारख्या आवृत्त्यांत एका ‘इन’ यादीत १००० किमतींचीच मर्यादा आहे, त्यामुळे क्रमांकांचे तुकडे करून पाठवा. ही पद्धत दिसायला जास्त कोडची आहे. पण पेजिनेशन, फिल्टर, क्रम यातल्या कशाचाही तिच्यावर परिणाम होत नाही, कारण निवडीचा मालक टेबल राहत नाही, तुमचा बीन होतो. फिल्टर लावल्यावर नजरेआड गेलेल्या ओळींची निवड टिकावी की जावी, हा निर्णयही मग तुमच्या हातात येतो. एक मात्र करा, बटणावर आकडा दाखवा: ‘४७ अर्ज मंजूर करा’. समोर तीनच टिका दिसत असताना मागच्या पानांवर ४४ आहेत हे वापरणाऱ्याला कळलंच पाहिजे. पैशांचा व्यवहार आहे.

‘सगळे ४००० अर्ज निवडा’ अशी मागणी आली तर तिथे किल्ल्या पाठवूच नका. ‘फिल्टरमध्ये बसणारे सगळे, हे पाच सोडून’ अशी निवड साठवा, म्हणजे फिल्टरचे निकष आणि वगळलेल्या क्रमांकांचा संच. आणि मंजुरीच्या क्षणी निकषांत एक वरची मर्यादा घाला, पान उघडलं तेव्हाचा सर्वांत मोठा अर्ज क्रमांक. नाहीतर मधल्या दहा मिनिटांत दाखल झालेला, कोणी न पाहिलेला अर्जही मंजूर होऊन जाईल. हेडरच्या चेकबॉक्सबद्दलही ठरवून घ्या. नव्या आवृत्त्यांत ‘सिलेक्शनपेजओन्ली’ हा गुणधर्म आहे आणि काही न लिहिता हेडरची टिक समोरच्या पानापुरतीच चालते. वापरणाऱ्याला ते ‘सगळे’ वाटू शकतं.

रोकीबद्दल थोडं सांगतो, कारण सगळा डोलारा तिच्यावर आहे. ती वेगळी असावी, बदलू नये आणि तिच्यात स्वल्पविराम नसावा. जोडकिल्ली असेल तर शाखा आणि क्रमांक मधे आडवी रेघ देऊन जोडा, स्वल्पविराम दिलात तर एका किल्लीच्या दोन होतील. अजून जतन न झालेल्या नव्या ओळींचा आयडी नल असतो, म्हणजे अशा सगळ्या ओळींची किल्ली एकच, ‘नल’ हा मजकूर. तिथे ऑब्जेक्ट तयार होतानाच यूयूआयडी (आपोआप तयार होणारी वेगळी ओळख) द्या आणि तीच रोकी करा. ओळीचा अनुक्रमांक रोकी म्हणून कधीही देऊ नका. क्रम बदलला की निवड दुसऱ्याच अर्जावर जाते.

अनुक्रमांकाचा हा धोका साध्या ‘एच:डेटाटेबल’मध्ये अंगभूत आहे. तिथे ओळीतल्या बटणाचा आयडी ‘फॉर्म:तक्ता:३:मंजूर’ असा असतो. त्यातला ३ म्हणजे चौथी ओळ, बाकी काही नाही. बीन रिक्वेस्टस्कोप्ड असेल आणि पान उघडल्यापासून बटण दाबेपर्यंत कोणी नवा अर्ज यादीच्या सुरुवातीला घातला असेल, तर यादी पुन्हा लोड होते आणि चौथ्या ओळीवर आता वेगळा माणूस बसलेला असतो. त्याचं कर्ज मंजूर होतं. निवड नल येण्यापेक्षा हे कितीतरी वाईट, कारण काहीच चुकल्याचं दिसत नाही. यादी व्ह्यूस्कोप्ड ठेवली की दोन्ही वेळा तीच यादी वापरली जाते आणि हा धोका जातो. साध्या टेबलवर अनेक ओळी निवडायच्या असतील तर लाँग ते बुलियन असा मॅप ठेवून प्रत्येक ओळीचा चेकबॉक्स अर्जाच्या क्रमांकाने त्या मॅपला बांधा. सबमिटनंतर टिक न केलेल्या ओळीही ‘फॉल्स’ म्हणून मॅपमध्ये येतात, म्हणून किल्ल्या मोजू नका, ‘ट्रू’ असलेल्याच वेचा.

आणि जिथे एका वेळी एकाच अर्जावर काम करायचं आहे तिथे निवड वापरूच नका. ओळीत बटण ठेवा आणि मेथडला अर्ज थेट पाठवा. जावा ईई ६ सोबत आलेल्या ईएल (पानावरच्या एक्स्प्रेशनची भाषा) २.२ पासून ही सोय आहे. निवड ही अनेक ओळींवर एकत्र काम करण्यासाठी, किंवा ओळ निवडून बाजूला तपशील दाखवण्यासाठी.

आवृत्तीनुसार बदलणाऱ्या दोन गोष्टी बघून घ्या. जुन्या आवृत्त्यांत चेकबॉक्सच्या कॉलमवरच ‘सिलेक्शनमोड’ लिहायचं. नव्यांत कॉलमवर ‘सिलेक्शनबॉक्स’ आणि टेबलवर ‘सिलेक्शनमोड’. जुनी उदाहरणं नव्या आवृत्तीत चिकटवली की चेकबॉक्सच दिसत नाहीत. दुसरं, ओळीवर कुठेही क्लिक केलं की आधीच्या सगळ्या टिका जाऊन तीच एक ओळ उरते, हे मूळ वागणं आहे. ४० टिका केल्यावर चुकून नावावर क्लिक झाला की मेहनत वाया जाते. ‘रोसिलेक्टमोड’ला ‘चेकबॉक्स’ द्या, म्हणजे फक्त चौकोनावरची टिकच मोजली जाईल. नव्या आवृत्त्यांत या गुणधर्माचं नाव बदललंय, तिथे ‘सिलेक्शनरोमोड’ शोधा.

सुरक्षिततेची एक गोष्ट राहिली आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. लपलेल्या इनपुटमधल्या किल्ल्या ब्राउझरमध्ये कोणीही बदलू शकतो. साध्या यादीत याचा त्रास नाही, कारण सर्व्हर त्या यादीतच शोधतो. पण वर सुचवल्याप्रमाणे ‘गेटरोडेटा’मध्ये ‘फाइंड’ लावलंत की तो कोणत्याही क्रमांकाचा अर्ज आणून देतो, मग तो दुसऱ्या शाखेचा का असेना. म्हणून तिथे फक्त क्रमांकावर शोधू नका, लॉगिन केलेल्या अधिकाऱ्याची शाखा अटीत घाला. आणि मंजुरीच्या सर्व्हिस मेथडमध्ये अधिकार आणि अर्जाची सद्यस्थिती पुन्हा तपासा. पान उघडून अर्धा तास झाला असेल तर तोच अर्ज एव्हाना दुसऱ्याने नामंजूर केलेला असू शकतो. एंटिटीवर ‘@व्हर्जन’चा, म्हणजे दर बदलाला बदलणाऱ्या आवृत्तीचा, रकाना असावा आणि पडद्यावर दाखवलेली आवृत्ती मंजुरीच्या वेळच्या आवृत्तीशी जुळवली जावी. क्रमांकांचा संच वापरत असाल तर संचाऐवजी क्रमांक ते व्हर्जन असा मॅप ठेवा, तेवढाच बदल.

मंजुरी झाली की निवड स्वतः रिकामी करा आणि मग टेबल अपडेट करा, याच क्रमाने. निवड तशीच ठेवून टेबल रेंडर केलंत तर मंजूर झालेले, यादीतून गेलेले अर्ज किल्ल्यांच्या रूपाने लपलेल्या इनपुटमध्ये परत लिहिले जातात आणि पुढच्या ‘मंजूर करा’सोबत पुन्हा सर्व्हरवर येतात.

आता तुम्ही एवढं करा: दुसऱ्या पानावर जाऊन बटण दाबा आणि फॉर्म डेटामधली ‘_सिलेक्शन’ची ओळ, तुमची ‘गेटरोडेटा’ मेथड आणि बीनच्या वरचे इम्पोर्ट, हे तीन तुकडे इथे टाका. बिघाडाचं नेमकं कारण त्यातून सांगता येईल.